खतावणी : टिपलेल्या कामांचे पुढे काय होते

मराठी दुकानदाराच्या जुन्या हिशेबपद्धतीत एकच व्यवहार दोनदा लिहिला जातो. दिवसभरात देणेघेणे जसजसे घडेल तसतसे तारीखवार ज्या वहीत उतरते ती कीर्द किंवा रोजकीर्द. आणि त्याच नोंदी नंतर एकेक करून उचलायच्या व त्या त्या गिऱ्हाइकाच्या, मालाच्या किंवा खर्चाच्या नावाने उघडलेल्या खात्यावर नेऊन टाकायच्या, ही क्रिया म्हणजे खतावणी. कीर्द काळाच्या क्रमाने चालते आणि खातेवही विषयाच्या, त्यामुळे मंगळवारी दुकानात काय काय झाले हे कीर्द सांगते, पण एखाद्या गिऱ्हाइकाकडे एकूण येणे किती, हे मात्र खातेवही उघडल्यावाचून कळत नाही. दोहोंना जोडणारा दुवा कीर्दीतच एका अरुंद रकान्यात असतो. त्याला 'खातेपान', संक्षेपाने 'खा. पा.', म्हणतात, आणि नोंद ज्या पानावर नेली त्या पानाचा आकडा तेथे लिहिला जातो. तो रकाना रिकामा दिसला की नोंद खतावायची राहिली, हे मुनिमाला मजकूर न वाचताही समजते.

व्यक्तीने आपले रोजचे काम कसे लावावे, काय कुठे टिपावे आणि वेळेवर ते कसे आठवावे, या विषयावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जेवढे लिहिले गेले तेवढे पूर्वी क्वचितच लिहिले गेले असेल. परंतु त्यातील फार मोठा भाग हा केवळ कीर्दीविषयी आहे. डायरी कोणती घ्यावी, पेन कोणते, मोबाइलमधील कोणते अॅप चांगले, याद्यांना रंग कोणते द्यावेत, या चर्चेत टिपण्याच्या साधनाचा विचार पुरेपूर होतो, पण टिपलेली गोष्ट नंतर कोणी, केव्हा आणि कुठे उचलून ठेवायची, हा प्रश्न बहुधा राहूनच जातो. नीटनेटकेपणाच्या ज्या ज्या पद्धती दीर्घकाळ टिकल्या त्यांच्याकडे पाहिले, तर त्या सगळ्यांत ही दुसरी नोंद कोणत्या ना कोणत्या रूपात सापडते.

मराठीतील काही शब्द या इतिहासाचे अवशेष जपून आहेत. 'खूणगाठ' हा शब्द आज मनाशी बांधण्यापुरताच उरला असला, तरी मुळात ती पदराच्या किंवा उपरण्याच्या टोकाला, काही विसरू नये म्हणून मारलेली खरीखुरी गाठ होती. तिची मर्यादाही उघड आहे. काहीतरी आठवायचे आहे एवढेच गाठ सांगते, काय आठवायचे ते सांगत नाही. आणि हाताला लागलेली गाठ नेमकी कशासाठी मारली होती, हे न आठवण्याचा अनुभव काही दुर्मीळ नसावा. 'यादी' हा शब्द स्मरण या अर्थाच्या फारसी 'याद' शब्दापासून आलेला आहे, आणि जुन्या मराठी कागदपत्रांत 'याद' म्हणजे टिपण असाच अर्थ येतो. लग्नाच्या बोलणीत दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमक्ष देण्याघेण्याची व मानपानाची यादी करण्याची रीत तर अजूनही गावोगाव आहे. तिचा उपयोग आठवण ठेवण्याइतकाच पुढे कोणी 'असे ठरलेच नव्हते' म्हणू नये, यासाठीही असतो. गाठ केवळ टोचते, यादी तपशील सांगते, आणि तरीही यादीत एक उणीव राहते, ती म्हणजे ती कोणीतरी उघडून पाहावी लागते.

या उणिवेचा अभ्यास मानसशास्त्राने वेगळ्या अंगाने केला आहे. घडून गेलेले आठवणे आणि पुढे करायचे काम योग्य वेळी आठवणे, या दोन क्रिया तेथे भिन्न मानतात. दुसरीला भावी स्मरण म्हणता येईल. लिथुएनियात जन्मलेल्या आणि बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या हाताखाली शिकलेल्या ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मध्येच थांबवलेली कामे पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा लोकांना अधिक आठवतात असे आढळले होते. पुढच्या प्रयोगकर्त्यांना हा निष्कर्ष दर वेळी तसाच मिळाला नाही, त्यामुळे तो जपून वापरावा लागतो. तथापि अपुरे काम मनात घोळत राहते, ही त्यामागची कल्पना टिकून राहिली. २०११ साली मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या दोन अमेरिकी संशोधकांनी तिच्यात एक महत्त्वाची भर घातली. अपुरी राहिलेली उद्दिष्टे दुसऱ्या कामात लुडबुड करतात हे त्यांनाही दिसले, परंतु ती केव्हा व कशी पुरी करायची याची नेमकी आखणी ज्यांनी केली, त्यांच्या बाबतीत काम पुरे झालेले नसतानाही ही लुडबुड थांबली. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर, मनाला व्यवहार चुकता झालेला लागत नाही, तो कोणत्या पानावर गेला एवढे कळले तरी पुरते. कागदावर नुसते 'लाइट बिल' लिहून ठेवणे ही कीर्द झाली. 'शनिवारी भाजी आणायला जाताना बिल भरणे' असे लिहिले की त्याला खातेपान मिळाले.

युरोपीय व्यापाऱ्यांकडे तर एकाच व्यवहाराच्या तीन वह्या होत्या. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या गणितग्रंथात तेथील व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदपद्धत सविस्तर मांडली, तीत मेमोरिआले, जोर्नाले आणि क्वादेर्नो अशा तीन वह्यांची शिफारस आहे. मेमोरिआले ही कच्ची वही. घरात जो कोणी हजर असेल, अगदी बायकामाणसे किंवा नोकरही, त्याने घडलेला व्यवहार तपशिलासह तीत लिहावा, अशी मुभा होती. तीवरून जाणत्याने जोर्नाले, म्हणजे रोजकीर्द, शुद्ध भाषेत तयार करायची आणि तीवरून क्वादेर्नो म्हणजे खातेवही. जोर्नालेतील नोंद खातेवहीत नावे पडली की तिच्यावर एक रेघ मारायची, जमा पडली की दुसरी, असाही नियम पाचोली देतो; म्हणजे आपल्या खातेपानाच्या रकान्याचे काम तेथे दोन रेघा करीत. या व्यवस्थेतील शहाणपण असे की, टिपणारा आणि लावणारा ह्यांच्याकडून एकाच प्रकारच्या शिस्तीची अपेक्षा तीत नाही. कच्ची वही गबाळी असली तरी चालते, किंबहुना ती तशी असावीच लागते, कारण तेथे अक्षर वळणदार काढत बसलेल्याकडून निम्मे व्यवहार लिहायचे राहून जातील. अठराव्या शतकात गॉटिंगेन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे गेओर्ग क्रिस्टोफ लिश्टेनबर्ग ह्यांनी ही दुकानदारी रीत विचारांना लावली. इंग्रज व्यापारी आधी एका कच्च्या वहीत सारे काही अस्ताव्यस्त लिहितात व मग ते पद्धतशीर वह्यांत नेतात, याचा दाखला देऊन त्यांनी स्वतःच्या टिपणवह्यांनाही तशाच अर्थाचे नाव दिले. गंमत अशी की, लिश्टेनबर्ग यांच्या पक्क्या वह्या फारशा झाल्याच नाहीत आणि जगाने त्यांना लक्षात ठेवले ते त्या कच्च्या वह्यांमुळेच.

महाराष्ट्रात हीच विभागणी राज्यकारभाराच्या पातळीवर झालेली दिसते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हुजूर दफ्तराची जी अंगे होती, त्यांपैकी 'चालते दफ्तर' दैनंदिन कामकाज पाही, तर 'एकबेरीज दफ्तर' सर्व खात्यांचे हिशेब एकत्र करून वर्षाची जमा, खर्च आणि शिल्लक यांचे बाबवार गोषवारे तयार करी. 'रोजनिशी', 'फडणीस', 'चिटणीस' या शब्दांतील 'नीस' हा लिहिणारा या अर्थाच्या फारसी 'नवीस'पासून आला आहे. 'फडणीस' म्हणजे फर्दा, अर्थात हिशेबाचे सुटे कागद, लिहिणारा. ते कागद पुढे कापडात बांधून ठेवीत व त्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणत, हा शब्द पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही चालतो आणि मोडी वाचणारा अभ्यासक तेथे फाइल मागत नाही, रुमाल मागतो. रुमालाच्या पोटात काय आहे हे त्याच्या बाहेरच्या नोंदीवरून कळले नाही, तर आतला कागद असून नसल्यासारखाच असतो.

व्यक्तिगत टिपणांच्या बाबतीत खतावणीचा सर्वांत टोकाचा आणि सर्वांत फलदायी प्रयोग जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान (१९२७–१९९८) यांनी केला, असे म्हणता येईल. लूमान मूळचे कायद्याचे पदवीधर; विद्यापीठात येण्यापूर्वी ते सरकारी प्रशासनात अधिकारी होते आणि ज्या चिठ्ठ्यांच्या पेटीमुळे त्यांचे नाव आज जगभर घेतले जाते ती पेटी त्यांनी तेव्हाच, १९५०च्या दशकाच्या प्रारंभी, सुरू केली. कचेरीत बसणाऱ्या माणसाची नजर तिच्यात आहे, हे ध्यानात घेतले जात नाही. पुस्तक वाचताना ते एका छोट्या कागदावर पुस्तकाचे नाव लिहीत आणि त्याच्या पाठीवर अमुक पानावर अमुक आहे एवढीच त्रोटक टिपणे करीत. ही झाली कीर्द. नंतर, फार दिवस जाऊ न देता, त्या टिपणांकडे पुन्हा पाहून, आपल्या पेटीत आधीपासून असलेल्या कोणत्या विचाराला यातले काय जोडता येईल हे ठरवून, ते स्वतंत्र चिठ्ठ्या लिहीत. एका चिठ्ठीवर एक विचार. चिठ्ठीला विषयाचे शीर्षक मिळण्याऐवजी स्थानाचा आकडा मिळे : समजा ५७/१२ ह्या चिठ्ठीपुढे ५७/१३ आधीच बसलेली असेल आणि १२ मधल्याच मुद्द्याला नवा फाटा फुटला, तर ती चिठ्ठी ५७/१२अ होऊन मध्ये शिरे, तिला पुन्हा फाटा फुटला तर ५७/१२अ१. चिठ्ठीची जागा एकदा ठरली की बदलत नसे, म्हणून एका चिठ्ठीवर दुसरीचा आकडा निर्धास्तपणे लिहिता येई. विषयसूची होती, पण त्या सूचीत एका शब्दापुढे दोन-चार आकडेच असत, कारण तिचे काम केवळ दार दाखवण्याचे होते आणि पुढचा रस्ता चिठ्ठ्याच दाखवीत.

अशा सुमारे ९० हजार चिठ्ठ्या आज बीलेफेल्ड विद्यापीठाकडे आहेत. कागद बहुधा साधे, पातळ, अनेकदा एका बाजूने वापरलेले. सुबक डायऱ्यांवर पैसे खर्च करून नव्या वर्षाची सुरुवात करणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पन्नासांहून अधिक पुस्तके आणि कित्येक शोधनिबंध या पेटीच्या आधारे लिहिले गेले, आणि तरीही पेटीचे अनुकरण करणाऱ्यांच्या हाती तसे पीक सहसा येत नाही, कारण अनुकरण बहुतेक वेळा आकड्यांचे होते. लूमान वाचलेल्या टिपणाची जागा ज्या वेळात ठरवीत, ते खरे काम होते.

या पद्धतीचे दुसरे टोक पुण्यातच, येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. ऐतिहासिक तत्त्वांवर संस्कृतचा बृहत्कोश करण्याचा प्रकल्प सुमित्र मंगेश कत्रे यांनी तेथे १९४८ साली सुरू केला. ऋग्वेदापासून पुढच्या काळातील सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून, त्यांतील शब्द संदर्भासह एकेका चिठ्ठीवर उतरवण्याचे काम जवळजवळ पंचवीस वर्षे चालले आणि त्यातून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या जमा झाल्या. चिठ्ठी लहानच, तीवर शब्द, ज्या वाक्यात तो आला ते वाक्य, ग्रंथाचे नाव व स्थळ. ग्रंथ वाचणारा विद्वान शब्द ग्रंथाच्या क्रमाने टिपतो, म्हणजे कीर्द लिहितो. त्या चिठ्ठ्या वर्णानुक्रमाने लावल्या की एकाच शब्दाच्या, हजारो वर्षांच्या अंतरावरच्या ग्रंथांतून आलेल्या चिठ्ठ्या एका खणात शेजारी येऊन बसतात आणि त्यांवरून त्या शब्दाच्या अर्थाचा इतिहास लिहिता येतो. पहिला खंड १९७०च्या दशकात अमृत माधव घाटगे यांच्या संपादनाखाली निघाला, पुढे तीसहून अधिक खंड प्रसिद्ध झाले, आणि ते सारे 'अ' या पहिल्याच अक्षराने सुरू होणाऱ्या शब्दांचे आहेत. खतावणीचा हा कळस आणि तिची किंमतही हीच. दीड हजार ग्रंथांसाठी अनेक पिढ्यांचा वेळ देणे एखाद्या संस्थेला शोभते. स्वतःच्या घरातील पावत्या आणि वाचायची पुस्तके यांच्यासाठी एका माणसाने इतका वेळ दिला, तर त्याचे काम व्यवस्थित लागेल, पण होणार नाही.

लोकप्रिय पुस्तकांपैकी ज्यांनी ही दुसरी पायरी ओळखली त्यांचाच टिकाव लागला. डेव्हिड अॅलन यांच्या २००१ सालच्या 'गेटिंग थिंग्ज डन' या पुस्तकातील गाभा, मनात येईल ते सारे एका जागी टाकावे आणि आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी ते सर्व पुन्हा पाहून लावावे, एवढाच आहे. बाकी पसारा त्याच्याभोवतीचा. पुस्तक वाचणाऱ्यांपैकी बरेच जण पहिला भाग उत्साहाने करतात आणि आठवड्याचा आढावा तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात, आणि मग पद्धतीला नावे ठेवतात. न्यू यॉर्कमधील रचनाकार रायडर कॅरल यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेली 'बुलेट जर्नल' ही वहीची पद्धत याबाबतीत अधिक कठोर आहे. तीत महिना संपला की न झालेली कामे हाताने नव्या महिन्याच्या पानावर पुन्हा लिहून काढावी लागतात. संगणकावर हेच काम एका बोटाने होते, मग हाताने कशासाठी, हा आक्षेप सर्रास घेतला जातो. परंतु हाताला होणारा त्रास येथे चाळणीचे काम करतो, कारण सलग तीन महिने तेच वाक्य पुन्हा लिहावे लागले की ते काम आपल्याला मुळात करायचेच नाही, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात येते आणि तो त्यावर काट मारतो. बुडीत खात्याची नोंद कधीतरी बुडीत म्हणून लिहावीच लागते.

मोबाइल आल्यापासून कीर्द अभूतपूर्व स्वस्त झाली आहे. रस्त्यावरच्या फलकाचा फोटो, बातमीचा स्क्रीनशॉट, कोणी सांगितलेल्या औषधाचे नाव, हे सारे निमिषार्धात साठते; केवळ स्वतःच सभासद असलेला व्हॉट्सअॅपचा गट काढून त्यात स्वतःलाच निरोप पाठवण्याची युक्ती इतकी रुळली होती की, पुढे स्वतःला निरोप पाठवण्याची सोय कंपनीनेच करून दिली. साठवण्याला जेव्हा शाई, कागद व हात लागत होता तेव्हा नोंदींची संख्या आपोआप मर्यादित राही आणि खतावणारा तिच्या मागे फार पडत नसे. आता नोंद करण्याचा वेग आणि ती लावण्याचा वेग यांत कसलीच तुलना उरलेली नाही. शोध घेण्याची सोय असल्यामुळे लावण्याची गरजच संपली, असे एक मत आहे आणि ते निम्मे खरे आहे. ज्याचा शब्द आठवतो ते शोधून सापडते. परंतु करायचे राहिलेले काम नेमके तेच असते, जे शोधावे असे डोक्यातच येत नाही. ऑब्सिडियनसारखी नवी अॅपे टिपणांना टिपणे जोडण्याची लूमानपद्धती आयती देतात, आणि त्यांत दुवे विणण्याची हौस एवढी वाढते की जोडलेल्या टिपणांचा तो सुंदर नकाशा हेच काम होऊन बसते. समर्थ रामदासांनी दासबोधात बोरू, शाई, कागद आणि समास यांच्या सूचनांसाठी एक अख्खा समास दिला आहे, त्यामुळे साधनांच्या हौसेला दोष देण्याचे कारण नाही. मात्र समर्थांच्या हौसेचा शेवट लिहून झालेल्या ग्रंथात होत होता.

कार्यक्षमतेवरील पुस्तकांत ज्याचा उल्लेख येत नाही, असे एक साधन मराठी घरांत स्वयंपाकघराच्या किंवा ओटीच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेले असते. जयंतराव साळगावकर यांनी १९७३ साली 'कालनिर्णय' काढले तेव्हा पंचांग आणि इंग्रजी तारखा एका चौकटीत आणल्या, ही त्याची प्रसिद्ध बाजू. अप्रसिद्ध बाजू अशी की, त्या चौकटींतील तिथी-नक्षत्रांच्या मधल्या मोकळ्या जागेत घरातील बाईने स्वतःची कीर्द सुरू केली. दूध रोज दोन पिशव्या येत असेल, तर नेहमीच्या दिवशी काहीच लिहायचे नाही. एकच पिशवी घेतली तर तारखेखाली '१', घेतलीच नाही तर फुली. हा 'खाडा'. भांडी घासायला येणाऱ्या बाईचे खाडे त्याच चौकटीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, बहुधा वेगळ्या खुणेने, म्हणजे दोहोंची गल्लत होत नाही. सिलिंडर लावला त्या तारखेला 'गॅस' असे बारीक अक्षरात लिहिलेले असते, आणि मागचा सिलिंडर किती दिवस पुरला हे पाहायला पान उलटून मागच्या महिन्यात जावे लागते. जेथे रोज एकसारखे घडते तेथे फक्त अपवादच टिपायचा, हे हिशेबशास्त्राला मान्य होईल असे तत्त्व येथे कोणी न शिकवता पाळले गेले आहे.

या कॅलेंडराची खतावणी कोणत्याही शिस्तीच्या पुस्तकावर अवलंबून नाही, ती दूधवाल्यावर अवलंबून आहे. महिना संपून तो बिल घेऊन दारात उभा राहिला की खाडे मोजावेच लागतात, त्यांचे पैसे वजा करावेच लागतात, आणि त्याच्या कागदावरचा आकडा भिंतीवरच्या आकड्याशी जुळला नाही तर तेथल्या तेथे बोलून घ्यावे लागते. व्यापाऱ्याच्या वहीला उधारी वसूल करण्याची निकड होती, एकबेरीज दफ्तराला वर्षअखेरीची होती, लूमान यांना पुढच्या पुस्तकाची होती. ज्या नोंदीच्या दारात असे कोणी येत नाही ती नोंद कितीही सुबक असली तरी खतावली जात नाही. मोबाइलमधील हजारो स्क्रीनशॉटांचे बिल घेऊन कोणीच येत नाही.

दुधाचे पैसे आता पुष्कळ घरांत मोबाइलवरूनच चुकते होतात आणि दिवाळी पाडव्याला पूजेसाठी आणलेल्या वहीत पहिल्या पानावरचे 'श्री' सोडून वर्षभर काही लिहिले जात नाही, कारण दुकानाचा हिशेब संगणकात असतो व सरकारी आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. कॅलेंडर मात्र टिकून आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अनेक घरांत एकाच खिळ्याला दोन कॅलेंडरे लटकलेली दिसतात, वर नवे आणि त्याच्यामागे जुने. डिसेंबरचे खाडे वजा होऊन दूधवाल्याचे पैसे दिले गेले की जुने उतरते.